‘च’ चुकतो की वेगळा आहे? नांदेड जिल्ह्यातल्या एका पहिलीच्या मुलाचं प्रकरण

ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. उच्चार दाखवण्यासाठी एक सोय केली आहे. ‘चमचा’, ‘चिमणी’ यांतला तालव्य, म्हणजे जीभ टाळूकडे नेऊन केलेला उच्चार नुसत्या च-ज-झ ने लिहिला आहे. ‘चाक’, ‘जाड’, ‘झाड’ यांतला दातांकडे झुकणारा, ‘त्स’सारखा उच्चार नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) देऊन च़-ज़-झ़ असा लिहिला आहे. उच्चार दाखवायचा नसून नुसता शब्द सांगायचा आहे तिथे लेखन नेहमीचंच ठेवलं आहे. हा नुक्ता उर्दूतल्या ‘ज़’चा समजू नये.

पार्श्वभूमी

मुलगा सहा वर्षं चार महिन्यांचा, तेलंगणाच्या सीमेजवळच्या एका तालुक्याच्या गावात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत पहिलीला. घरची भाषा दखनी, म्हणजे दख्खनमधली उर्दूची बोली. वडिलांचं पंक्चरचं दुकान, आई घरी, आणि मुलाचा बहुतेक दिवस नानीजवळ जायचा. गल्लीत मराठी आणि तेलुगू दोन्ही. बालवाडीत तो फारसा गेलेला नव्हता, त्यामुळे मराठीशी त्याची खरी गाठ जूनमध्ये वर्गातच पडली.

जुलैच्या शेवटी गुरुजींनी वडिलांना बोलावून सांगितलं, की पोराला ‘च’ येत नाही, ‘चाक’ला ‘शाक’ म्हणतो, मुलं हसतात. गावातल्या एका जाणत्याने जीभ खाली चिकटली आहे, कापून आणा, असा सल्ला दिला. नांदेडच्या वाचा-उपचारतज्ज्ञांकडे हे कुटुंब आलं ते मुख्यतः जीभ कापावी का, हे विचारायला.

अडचण काय होती

‘च’ हा स्पर्शसंघर्षी ध्वनी. आधी जीभ हवा पूर्ण अडवते, मग त्याच जागी फट ठेवून ती घासत सोडते. एका ध्वनीत दोन कामं असल्यामुळे लहान मुलं बरेचदा त्यातलं एक गाळतात. अडवणं गाळलं तर ‘च’चा ‘श’ किंवा ‘स’ होतो, घासणं गाळलं तर ‘त’ किंवा ‘ट’. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाने चिमणीला ‘तिमनी’ म्हटलं तर कोणी दवाखाना गाठत नाही. २७ भाषांमधल्या मुलांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार बहुतेक व्यंजनं पाच वर्षांपर्यंत बसलेली असतात. म्हणजे सहाव्या वर्षानंतर सगळ्या शब्दांत ‘च’ गळत असेल तर बघायला हवं, एवढं खरं.

पण गुरुजींच्या तक्रारीत एक विसंगती होती, आणि ती पहिल्या भेटीत कोणाच्या लक्षात आली नाही. मुलगा बोलताना ‘शाक’ म्हणायचा. श्रुतलेखनाच्या वहीत मात्र ‘साक’ आणि ‘सोर’ लिहिलेलं होतं. त्याला च म्हणजे श वाटत असता तर वहीतही ‘शाक’ यायला हवं होतं.

तपासणी

जिभेचा प्रश्न पाच मिनिटांत निकाली निघाला. जीभ खालच्या ओठाच्या पुढे येत होती, आणि तोंड उघडं ठेवून टोक वरच्या दातांमागच्या उंचवट्याला टेकत होतं. त, ट, न, ल, र स्वच्छ. टोक वर न्यावं लागणारे हे ध्वनी नीट येत असतील तर ‘च’ अडण्याचं खापर जिभेखालच्या पडद्यावर फोडता येत नाही. कापण्याचा विषय तिथेच संपला.

श्रवणचाचणी दोन्ही कानांची, २५० ते ८००० हर्ट्झ. सगळं सामान्य, कानाच्या पडद्यामागे पाणी नाही. ही पायरी वगळू नये. स, श, च, च़ यांची घासण्याची सळसळ वरच्या कंप्रतेत असते आणि त्यातही स आणि च़ ची सर्वांत वर, साधारण ४००० हर्ट्झच्या पुढे. तेवढ्याच पट्ट्यात ऐकू कमी येणारं मूल हाक मारली की वळतं, म्हणून घरच्यांना शंका येत नाही.

तोंडात वरचे समोरचे दोन्ही दुधाचे दात पडलेले. या वयात ते पडतातच. पण त्या खिंडीतून हवा सुटते, स आणि च़ थोडे बोबडे येतात, आणि त्याचे गुण कापले जाऊ नयेत.

उच्चारतपासणीसाठी वापरलेला तक्ता इंग्रजी नमुन्यावर बेतलेला होता. मूळ घोटाळा इथला. इंग्रजीत स्पर्शसंघर्षी ध्वनी दोनच, चर्चमधला च आणि जजमधला ज. मराठीत च, च़, छ, ज, ज़, झ, झ़ असे सात. दखनीत च, छ, ज, झ हे चार, सगळे तालव्य. तक्त्यात ‘च’ला एकच रकाना होता. त्यात ‘च’ अक्षराची वीस चित्रं भरली गेली, सोपी आणि ओळखीची म्हणून निवडलेली: चमचा, चाक, चिमणी, चूल, चंद्र, चटई, चेंडू, चोर… नंतर मोजल्यावर दिसलं, की त्यांतले नऊ शब्द तालव्य आणि अकरा च़ चे.

पहिल्या दिवशी वीसपैकी वीस चूक. मुलाने सगळीकडे श किंवा स वापरला होता, पण कुठे श आणि कुठे स याची नोंद झाली नाही. नुसत्या फुल्या मारल्या गेल्या.

कोणते पर्याय होते

थांबून बघणं हा पहिला पर्याय. वर्गात हसू होत होतं आणि वाचन-लेखनाची सुरुवात होती, म्हणून तो सोडला. शिवाय मुलाला शिंकेचा आवाज काढायला सांगितल्यावर ‘आच्छी’ मधला ‘च्छ’ अगदी खणखणीत आला. नक्कल करून ध्वनी येतो म्हणजे थोड्या कामात तो शब्दांत उतरण्याची शक्यता चांगली असते.

दुसरा पर्याय आठवड्याला दोन बैठका, पुस्तकात असतात तशा. नांदेडला एसटीने यायला पावणेदोन तास, आणि ज्या दिवशी वडील येतील त्या दिवशी दुकान बंद. हे दोन महिनेही टिकलं नसतं. ठरलं ते असं: पंधरा दिवसांनी एक बैठक, घरी रोज दहा-दहा मिनिटं दोनदा, आणि मध्ये एकदा फोन.

तिसरा निर्णय भाषेचा, आणि तो आधी चुकला.

पहिले सहा आठवडे

शाळा मराठी, तक्रार मराठीतली, म्हणून शब्दही मराठी घेतले. चित्रांचे तेच वीस शब्द घरी गेले. आईने तळमळीने करून घेतले. पण आई ‘चाक’ हा शब्द दखनी वळणाने, तालव्य च ने म्हणायची (मराठी कानाला तो ‘च्याक’ असा लागतो), बैठकीत तोच शब्द च़ ने यायचा आणि शाळेत गुरुजीही च़ नेच म्हणायचे. एकाच चित्राला मुलाला दोन नमुने ऐकू येत होते आणि दोन्हींना ‘च’ म्हणतात असं सांगितलं जात होतं.

त्यात फोनची भर. साध्या कॉलवर, विशेषतः नेटवर्क घसरलं की, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोचतो. च़ आणि स यांची बहुतेक सळसळ त्याच्या वर असते. दोन फोनवर ‘छान येतंय’ अशी नोंद झाली, आणि पुढच्या बैठकीत समोर बसून ऐकल्यावर तसं काही नव्हतं. त्यानंतर फोनवर गुण देणं बंद केलं. वडिलांनी मोबाइलवरच ध्वनिमुद्रण करून पाठवायचं, असं ठरलं.

निर्णय बदलला तो क्षण

चौथ्या बैठकीला आई आजारी होती म्हणून नानी आली. खोलीत शिरतानाच मुलगा नानीला काहीतरी सांगत होता आणि दर वाक्यात ‘अब्बीश’, ‘यहींश’, ‘वैसाइश’ असं येत होतं.

मराठीतला जोर देणारा ‘-च’ (मीच, तोच, आत्ताच) दखनीने केव्हाच घेतला आहे. मराठीत तो च़ असतो, दखनीत त्याचा ‘-इच’ झाला आणि उच्चार तालव्य झाला. नानीच्या बोलण्यात तो मिनिटाला दोन-तीनदा येत होता. म्हणजे मुलाला दिवसभर ऐकू येणारा, त्याच्याही तोंडात असलेला, शब्दाच्या शेवटी येणारा तालव्य च समोर होता आणि काम मात्र ‘चाळणी’च्या चित्रावर चाललं होतं.

त्याच बैठकीत दोन छोट्या याद्या घेतल्या. एकीत घरचे शब्द: चाचा, चाय, पंचर, अच्छा, सच. हे ‘शाशा, शाय, पंशर, अश्शा, सश’ असे आले. दुसरीत त्याला माहीत नसलेले मराठी शब्द, फक्त ऐकून म्हणायचे: च़वळी, च़ुना, च़ोच़. हे आले ‘सवळी, सुना, सोस’. वहीतल्या ‘साक’चा उलगडा इथे झाला. घरून आलेल्या शब्दांत तालव्य च होता आणि त्यातलं अडवणं गळून श उरत होता. गुरुजींच्या तोंडचा च़ मात्र त्याला घरच्या कुठल्याच ध्वनीशी जुळत नव्हता. त्यातली सळसळ ‘स’ची असल्यामुळे तो प्रामाणिकपणे स ऐकत होता आणि स लिहीत होता.

हे ऐकणं वेडगळ नाही. मराठीनेच हे केलेलं आहे: च़ ला मराठीत महाप्राण (च ला छ असतो तसा) जोडीदार नाही, आणि हिंदी-उर्दूत जिथे छ आहे तिथे मराठीत अनेकदा स दिसतो. छुरी-सुरी, मछली-मासळी, पूछना-पुसणे.

आता प्रकरणाचे दोन तुकडे झाले. तालव्य च चा श होतो ही दोष-दुरुस्तीची बाब, कारण तो दखनीतही चुकतो आणि नानीलाही तो चुकीचा वाटतो. च़ न येणं ही दुसऱ्या भाषेचा नवा ध्वनी शिकण्याची बाब. पहिल्यासाठी उपचार, दुसऱ्यासाठी वर्ग आणि खेळाचं मैदान.

प्रत्यक्ष काम

काम दखनीतून आणि फक्त तालव्य च वर सुरू झालं.

आधी हवा अडवण्याची जाणीव. बारा-पंधरा सेंटिमीटर लांब पातळ कागदाची पट्टी ओठांसमोर चार बोटांवर धरायची. ‘श’ म्हटलं की पट्टी सलग थरथरते, ‘च’ला एक झटका बसतो. मुलाला कान फसवत होते, पण डोळे फसवत नव्हते. मग जीभ ‘त’च्या जागी लावून मनात तीन मोजायचे आणि ‘श’मध्ये सोडायची. इथे हमखास होणारी गडबड म्हणजे ‘त्…श’ असे दोन तुकडे पडणं. पोलिश भाषेत हे दोन वेगळेच शब्द होतात: एकसंध स्पर्शसंघर्षीने म्हटलं तर प्रश्नार्थक ‘का’, आणि त्याच जागी स्पर्श व घर्षण सुटे म्हटले तर ‘तीन’. मराठी कानाला मात्र ‘त्-श’ पुरेसं वाटतं आणि घरचे ‘आलं की!’ म्हणून टाळ्या वाजवतात. म्हणून नानीला एकच खूण दिली: पट्टी दोनदा हलली तर बरोबर धरायचं नाही.

शब्दाच्या शेवटी च आधी घेतला: सच, बीच, पाँच, आणि मग ‘अब्बीच’, ‘यहींच’, ‘इत्ताइच’. शेवटी हवा अडवून सोडायला वेळ मिळतो आणि पुढच्या स्वराची घाई नसते. नंतर मधला: चाचा, पंचर. सुरुवातीचा शेवटी: चाय, चार, चिड़िया. एका वेळी चाळीस-पन्नास उच्चार, दमला की थांबायचं. वीसपैकी सोळा बरोबर सलग दोन बैठकांत आले की पुढची पायरी.

चित्रांची गरज संपली. नानीला काम एवढंच होतं, की दिवसातल्या ठरलेल्या दोन वेळी, एकदा जेवताना आणि एकदा दुकानात वडिलांचा डबा पोचवताना, ‘-इश’ ऐकलं की हसून स्वतः ‘-इच’ म्हणायचं. दिवसभर टोकायचं नाही, हे तिला तीनदा सांगावं लागलं.

ज वर वेगळं काम केलं नाही. घोष (गळ्यातली थरथर) सोडला तर च आणि ज ची घडण एकच, आणि एक बसला की दुसरा बरेचदा मागून येतो. इथे आला. झ रेंगाळला.

गुरुजींचा निरोप

नोव्हेंबरमध्ये मूळ वीस चित्रांची चाचणी पुन्हा घेतली. वीसपैकी नऊ. कागदावर ४५ टक्के. गुरुजींचाही निरोप आला, की फरक आहे, पण अजून चुकतो, आता ‘चाक’ला ‘च्याक’ म्हणतो. उपचार आणखी तीन महिने वाढवावा असा विचार झाला, वडिलांनी तयारीही दाखवली.

पण शब्द वेगळे केल्यावर दिसलं, की बरोबर आलेले नऊच्या नऊ तालव्य होते. उरलेल्या अकरांत मुलाने च़ च्या जागी स्वच्छ च म्हटला होता. म्हणजे जे शिकवलं त्यात तो शंभर टक्के होता, आणि जे शिकवलंच नव्हतं त्याचे गुण कापले जात होते.

गुरुजींना एक साधी पाहणी करायला सांगितलं: वर्गात घरी दखनी बोलणारी बाकीची मुलं ‘चाक’, ‘चूल’, ‘चोर’ कसं म्हणतात? उत्तर दोन दिवसांत आलं, तीही ‘च्याक’च म्हणतात. त्यांची तक्रार कधी झाली नव्हती, कारण ती ‘शाक’ म्हणत नव्हती. तेलुगू घरांतल्या मुलांचा घोळ निराळा होता. तेलुगूत दोन्ही च आहेत, पण देशी शब्दांत पुढचा स्वर ते ठरवतो: ‘च़ूडु’ म्हणजे बघ, ‘चेट्टु’ म्हणजे झाड. जपानीतही त-वर्गाच्या ओळीत इ आला की ‘चि’ आणि उ आला की ‘त्सु’. अशा भाषेच्या मुलाला दोन ध्वनी तोंडात असूनही ते दोन आहेत हे जाणवत नाही.

मराठीत स्वराने अर्धंच काम होतं. इ, ई, ए, य यांच्या आधी तालव्य, हे जवळपास पक्कं: चिमणी, चेंडू, जीव, जेवण, झेंडा. म्हणूनच एकाच शब्दाचं रूप बदललं की ध्वनी बदलतो: माझ़ा पण माझी, घराच़ा पण घराची, काच़ पण काचेच़ा. चिंच या शब्दात तर सुरुवातीला च आणि शेवटी च़. अ, आ, उ, ओ यांच्या आधी मात्र शब्दाचं कूळ बघावं लागतं. देशी-तद्भव शब्दांत बहुधा च़, संस्कृत तत्सम आणि फारसीतून आलेल्या बऱ्याच शब्दांत च: चंद्र पण च़ांदणी, जन पण ज़ोडा, तसंच चष्मा, जमीन. चार हा आकडा तालव्य, चारा मात्र च़. आणि काही जोड्या लिहिताना एकसारख्याच: जात (समाजातली) आणि ज़ात (तो जात आहे), जरा (म्हातारपण) आणि ज़रा (थोडं). एवढं सगळं पहिलीच्या मुलाला नियम म्हणून सांगायचं नसतं. मराठी घरातलं मूलही ते नियमाने शिकत नाही.

उपचार वाढवायचा नाही असं ठरलं. वर्गासाठी गुरुजींनी स्वतःच एक रीत बसवली: फळ्यावर ‘च’ लिहून खाली दोन टोपल्या काढायच्या, एकीत चमचा, दुसरीत चाक. गुरुजी शब्द म्हणणार, मुलं नुसतं बोट दाखवणार, म्हणायची सक्ती नाही. दोन्ही टोपल्यांवर अक्षर मात्र एकच. रोज सहा शब्द, पाच मिनिटं. सगळ्या वर्गाला, म्हणजे एकट्या मुलावर बोट नको.

परिणाम

एकूण दहा भेटी, सुमारे पाच महिने. डिसेंबरअखेर घरच्या गप्पांत तालव्य च आणि ज टिकून होते. घाईत किंवा रडताना अधूनमधून श यायचा. मार्चच्या पाठपुराव्यात तोही गेला होता. झ अजून ‘ज’कडे झुकत होता, त्यावर काही केलं नाही.

श्रुतलेखनातला ‘साक’ टोपल्यांचा खेळ सुरू झाल्यावर दोन-अडीच महिन्यांत थांबला. गंमत अशी, की लिहिणं सुधारलं तेव्हाही मुलगा च़ म्हणत नव्हता. कानाने फरक धरला होता, जिभेने नंतर धरला. मार्चमध्ये वडिलांनी पाठवलेल्या ध्वनिमुद्रणात तो गल्लीत चोर-पोलीस खेळताना पोरांना ‘च़ोर’ म्हणत ओरडतो आणि लगेच घराच्या दारात नानीला ‘चोर’ तालव्य च ने सांगतो. नवे समोरचे दात तेव्हा अर्धे आले होते.

काय वेगळं करता आलं असतं

वीस फुल्यांच्या जागी वीस शब्द जसे ऐकू आले तसे लिहून घेतले असते, तर श आणि स चा फरक पहिल्याच दिवशी दिसला असता. वेळ लागतो तो फक्त दहा मिनिटांचा. तक्त्यात ‘च’चे आणि ‘ज’चे दोन-दोन रकाने, ‘झ’चेही दोन, आणि प्रत्येक शब्दापुढे त्या भागात तो कोणत्या उच्चाराने म्हणतात याची खूण, एवढा बदल आता त्या दवाखान्यात झाला आहे. ही खूण स्थानिक माणसाला विचारून करावी. खेड्यात ‘च्यार’ म्हणणारा मराठी माणूस आणि ‘चार’ म्हणणारा मराठी माणूस दोघंही तालव्यच म्हणत असतात, पण सगळेच शब्द असे एकमताचे नाहीत.

वही पहिल्या भेटीलाच मागवायला हवी होती. ती दप्तरात होती, वडिलांनी सोबत आणलीही होती, कोणी उघडली नाही.

आणि पहिला अर्धा तास मुलाशी मराठीत बोलण्याऐवजी त्याला घरच्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलू द्यायला हवं होतं. सहा आठवडे गेले त्याचं मुख्य कारण ते. नानी योगायोगाने आली. आईची तब्येत ठीक असती तर ‘अब्बीश’ कदाचित दिवाळीनंतर कानावर पडलं असतं.

एक मुद्दा अजून वादाचा आहे. च़ तेव्हाच, उपचारातच शिकवला असता तर वर्गातलं हसू लवकर थांबलं असतं, असं गुरुजींचं मत होतं आणि ते अगदीच चुकीचं म्हणता येत नाही. पण दात पडलेले असताना च़ वर मेहनत घेणं म्हणजे वाकड्या पट्टीने सरळ रेघ ओढायला लावणं, आणि तालव्य च पक्का नसताना शेजारचा ध्वनी आणला तर दोन्ही डळमळण्याचा धोका होता. मूल आठ वर्षांचं असतं, दात आलेले असते आणि त्याने स्वतः मागितलं असतं, तर उत्तर वेगळं आलं असतं.